पाच औषधे घेऊन झाली, तरी तीव्र चिंता हटत नाही : पुढे काय करावे?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही हे तुम्हालाही पडताळता येईल. गेले सात महिने तुम्हाला तीव्र चिंतेचा त्रास आहे. छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही आणि कामावर जाणे जवळजवळ बंद झाले आहे. या काळात तीन डॉक्टर झाले. एस्सिटॅलोप्राम बारा दिवस घेतले आणि घबराट वाढली म्हणून सोडले. सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम तीन आठवडे घेतले, काहीच फरक वाटला नाही. पॅरॉक्सेटिन मळमळीमुळे आठवड्यातच थांबवले. बस्पिरोन ‘त्रास होईल तेव्हा’ घेऊन पाहिले. अल्प्राझोलाम घेतले की मात्र तासाभरात जीव थाऱ्यावर येतो. म्हणून तुम्ही विचारता की माझ्यासाठी योग्य औषध कोणते, अल्प्राझोलामच का नको, आणि हे सगळे डॉक्टरांना कसे सांगावे.

मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून वीस वर्षांहून अधिक काळ काम करते आहे. तुम्हाला न तपासता एखाद्या औषधाचे नाव सांगणे चुकीचे ठरेल आणि तसे मी करणार नाही. पण तुमच्या यादीकडे पाहून एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकते. पहिली चार औषधे तुम्हाला ‘लागू पडली नाहीत’ असे आज म्हणता येत नाही, कारण त्यांपैकी एकाचीही पुरती परीक्षा झालेली नाही. बारा दिवस हा एस्सिटॅलोप्रामचा गुण दिसण्याचा काळच नव्हे. सर्ट्रालिनची २५ मिलिग्रॅम ही सुरुवातीची मात्रा आहे. बहुतेक प्रौढांना ५० ते २०० मिलिग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी उपयोग होतो. पॅरॉक्सेटिनची मळमळ अनेकांना पहिल्या आठवड्यातच होते आणि ओसरते. बस्पिरोन तर रोज ठरल्या वेळी घ्यायचे औषध आहे. ते दोन ते चार आठवड्यांनी काम करू लागते, त्यामुळे त्रासाच्या क्षणी घेतलेल्या एका गोळीने काहीच होणार नव्हते. यात तुमचा दोष आहे असे मी म्हणत नाही. हे सांगण्याची जबाबदारी औषध लिहून देणाऱ्याची असते, आणि घाईच्या तपासणीत नेमके तेच राहून जाते.

एक रुग्ण मला नेहमी आठवतात. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. पहिल्या भेटीत त्यांनी पिशवीतून गोळ्यांच्या सहा पट्ट्या काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, मला कोणतेच औषध मानवत नाही.” मी प्रत्येक पट्टीतल्या शिल्लक गोळ्या मोजल्या. दहाच्या पट्टीत कुठे चार उरल्या होत्या, कुठे तीन, एकीत तर आठ. एकाही औषधाची दुसरी पट्टी कधी सुरूच झाली नव्हती. आम्ही त्या सहांपैकीच एक औषध पुन्हा निवडले, सर्ट्रालिन, आणि ५० मिलिग्रॅमच्या गोळीच्या चतकोर तुकड्यापासून सुरुवात केली. पहिल्या दहा दिवसांत त्यांचे तीन फोन आले. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या की मला काही फरक वाटत नाही. पण सोबत आलेल्या मुलीने सांगितले की आई आता जेवणाच्या मधूनच उठून जात नाही, सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत बसते. मात्रा हळूहळू १०० मिलिग्रॅमपर्यंत गेली आणि नवव्या आठवड्याच्या सुमारास त्या स्वतः म्हणाल्या की पूर्वीसारखे वाटू लागले आहे. प्रत्येकाचे असेच होईल असे वचन मी देऊ शकत नाही. दोन औषधांची पुरती परीक्षा करूनही गुण न आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तरीही ‘मानवत नाही’ आणि ‘पुरते घेऊन पाहिले नाही’ यांतला फरक त्या टेबलावरच्या पट्ट्यांइतका स्पष्टपणे मला कोणी दाखवला नाही.

औषधाची निवड निदानावर अवलंबून असते, म्हणून आधी निदानाकडे वळते. ‘तीव्र चिंता’ हे वर्णन झाले. सतत सगळ्याच गोष्टींची काळजी वाटत राहणे, अचानक उसळून काही मिनिटांत टोकाला जाणारे घबराटीचे झटके येणे, लोकांसमोर जाण्याची भीती वाटणे, नको असलेले विचार आणि त्यापोटी पुन्हा पुन्हा करावी लागणारी कृती, जुन्या आघाताच्या आठवणींनी दचकणे, या सगळ्यांना लोक चिंताच म्हणतात, पण त्यांची औषधे आणि मात्रा अगदी एकसारख्या नसतात. बस्पिरोन सततच्या काळजीवर उपयोगी पडू शकते, घबराटीच्या झटक्यांवर सहसा पडत नाही. मंत्रचळासाठी, म्हणजे नको असलेल्या विचारांसाठी आणि पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृतींसाठी, बहुधा अधिक मात्रा आणि अधिक आठवडे लागतात. थायरॉइडचे प्रमाण वाढलेले असणे, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांमुळेही हुबेहूब असाच त्रास होतो. दम्याच्या पंपातले साल्ब्युटॅमोल, नाक मोकळे करणारी काही औषधे, स्टिरॉइड, दिवसभराचे कॅफीन आणि रात्रीच्या दारूनंतर पहाटे येणारी अस्वस्थता हेही विसरू नये. सात महिन्यांत थायरॉइडची तपासणी झाली नसेल, तर ती करून घ्या. आणखी एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला नसेल तर तुम्हीच सांगा. आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की झोप अगदी कमी होऊनही थकवा नव्हता, विचार सुसाट होते, खर्च किंवा बोलणे आवरत नव्हते? तसे असेल तर द्विध्रुवीय विकाराची शक्यता तपासावी लागते, कारण त्या विकारात नुसती नैराश्यरोधक औषधे (एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही त्यांतलीच) दिल्याने अस्वस्थता उलट भडकू शकते.

आता त्या पहिल्या पंधरा दिवसांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तुमची दोन औषधे तिथेच सुटली. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही मेंदूतील सेरोटोनिनवर, म्हणजे पेशींमध्ये संदेश नेणाऱ्या एका रसायनावर, काम करणारी औषधे आहेत. पेशींमधल्या जागेत सेरोटोनिन वाढते ते पहिल्या काही तासांतच. पण मेंदूतील ग्राहींना, म्हणजे तो संदेश टिपणाऱ्या जागांना, या बदलाशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात आणि चिंता कमी होण्याचा संबंध या संथ जुळणीशी असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर, असा या औषधांचा उलटा क्रम आहे. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, झोपेत बदल, जबड्यात किंवा हातापायांत ताण, आणि काही जणांना प्रत्यक्ष घबराटीतच वाढ, हे सहसा पहिल्या एक-दोन आठवड्यांत होते. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण गुण यायला आठ ते बारा आठवडेही लागू शकतात. चिंतेच्या रुग्णाला हा क्रम आधी सांगितला नाही, तर तो औषध सोडणारच. शरीरातल्या प्रत्येक हालचालीकडे ज्याचे लक्ष आधीच लागलेले आहे, त्याला वाढलेली धडधड धोक्याची घंटा वाटली तर नवल नाही.

यावर माझ्याकडे दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे नेहमीच्या सुरुवातीच्या मात्रेच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी मात्रेने सुरुवात करायची. एस्सिटॅलोप्राम अनेकांना १० मिलिग्रॅमवर थेट सुरू केले जाते. घबराटीचे झटके असलेल्यांना मी ५ मिलिग्रॅमने आणि फार संवेदनशील असलेल्यांना त्याच्याही निम्म्याने सुरू करते, आणि आठवड्या-आठवड्याने वाढवते. याने वेळ थोडा जास्त लागतो, पण रुग्ण टिकतो. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे. पहिली गोळी घेण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आपल्याला काय काय होते याची यादी करून ठेवायची, म्हणजे डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, मळमळ, घाम, हात थरथरणे, झोप मोडणे हे सगळे, प्रत्येकापुढे ० ते १० असा आकडा घालून. औषध सुरू झाल्यावर तीच यादी पुन्हा भरायची. ज्यांना आपण गोळीचा दुष्परिणाम समजत होतो, त्यांतल्या कितीतरी गोष्टी आधीपासूनच तेवढ्याच होत्या, हे कागदावर दिसते. औषधांच्या चाचण्यांत नकली गोळी घेणाऱ्यांनाही मळमळ आणि डोकेदुखी होतेच; याचा अर्थ त्यांचा त्रास खोटा असतो असा नाही, तर त्याचे कारण नेहमी गोळीतच असते असे नाही, एवढाच आहे.

सगळेच दुष्परिणाम पंधरा दिवसांत जातात असे मात्र कोणी सांगितले तर ते अर्धसत्य समजा. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणे, घाम येणे, वजन वाढणे, भावना बोथट झाल्यासारखे वाटणे हे त्रास नंतरही राहू शकतात, आणि संकोचामुळे रुग्ण त्यांतला पहिला त्रास सांगतच नाहीत, गुपचूप औषध बंद करतात. तुम्ही सांगा. मात्रा कमी करणे, औषध बदलणे असे मार्ग असतात. वयस्कर माणसांत रक्तातील सोडियम कमी होऊ शकते, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके सोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ट्रॅमॅडॉलसारख्या वेदनाशामकाबरोबर सेरोटोनिन अतिरिक्त वाढण्याची भीती असते. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी, अगदी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किंवा वनौषधी म्हणून घेतलेलीसुद्धा.

आता अल्प्राझोलामकडे येऊ. तुम्हाला त्याने बरे वाटते हे खरे आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. या कुळातले, म्हणजे बेन्झोडायझेपिन गटातले, पहिले औषध क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली बाजारात आले आणि तेव्हापासून अवघ्या तासाभरात चिंता उतरवणारी ही औषधे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही हवीहवीशी वाटत आली आहेत. अडचण त्यांच्या वेगातच आहे. अल्प्राझोलामची रक्तातील पातळी साधारण ११ तासांत निम्मी होते. रोज घेऊ लागल्यावर काही आठवड्यांतच शरीर त्याच्याशी जुळते आणि मग दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेत, औषध उतरताना, जी अस्वस्थता येते ती मूळ आजारासारखीच भासते. रुग्ण म्हणतो की दुपारी चारला चिंता येते. मी विचारते की सकाळची गोळी किती वाजता घेतली. शिवाय तोल जाणे, विसराळूपणा, गाडी चालवताना प्रतिक्रिया मंदावणे हे धोके आहेत, आणि दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांबरोबर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या संपूर्ण गटाच्या औषधांवर गैरवापर, व्यसन, शारीरिक अवलंबन आणि औषध सोडताना होणाऱ्या त्रासाविषयीचा ठळक इशारा लागू केला, तो याचसाठी.

तरीही ही औषधे सरसकट वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. सेरोटोनिनवरचे औषध सुरू करताना पहिले दोन ते चार आठवडे निभावून नेण्यासाठी मी काही रुग्णांना याच कुळातले क्लोनाझेपाम, जे सावकाश उतरते, थोड्या मात्रेत देते. सुरुवातीलाच थांबवण्याची तारीख चिठ्ठीवर लिहिते आणि रुग्णाकडून ती मोठ्याने वाचून घेते. कोणाला द्यायचे हे परिस्थितीवर अवलंबून आहे. पूर्वी व्यसन होते का, झोपेत श्वास अडकतो का, वय किती, घरी लहान मूल किंवा पडण्याची भीती असलेले कोणी आहे का, हे पाहावे लागते. तुम्ही अल्प्राझोलाम अधूनमधून घेता की रोज, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातला हा सर्वांत महत्त्वाचा राहिलेला तपशील आहे. काही आठवडे रोज घेत असाल तर ते एकाएकी बंद करू नका. फिट येऊ शकते. दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के, अशा संथ गतीने डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते कमी करता येते, आणि बऱ्याचदा आधी दुसऱ्या औषधाचा गुण येऊ देऊन मगच ही उतरण सुरू करणे सोयीचे पडते.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात सांगते. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिन ही सेरोटोनिनबरोबर नॉरएपिनेफ्रिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनावरही काम करतात. पहिल्या गटाचा उपयोग झाला नाही तर ती पुढची स्वाभाविक पायरी असते, मात्र व्हेन्लाफॅक्सिनच्या वेळी रक्तदाब तपासत राहावा लागतो. प्रेगॅबालिन लवकर काम करते, पण गुंगी आणते आणि त्याचाही गैरवापर होतो. हायड्रॉक्सिझिन सवय लावत नाही, झोप आणते. प्रोप्रॅनोलॉल भाषणापूर्वीची थरथर आणि धडधड थांबवते; सततच्या काळजीवर त्याचा फारसा उपयोग नाही आणि दमा असणाऱ्यांनी ते घेऊ नये.

डॉक्टर यांतून निवड कशी करतात, तर पहिल्या फळीतल्या औषधांमध्ये परिणामाचा फरक इतका कमी आहे की मी बहुधा दुष्परिणाम आणि माणसाची परिस्थिती यांवरून ठरवते. आई-वडील किंवा भावंडांना एखाद्या औषधाचा चांगला गुण आला असेल तर मी त्याचा विचार आधी करते. हा पक्का नियम नव्हे, पण उपयोगी सुगावा आहे. गोळ्या चुकण्याची सवय असलेल्याला मी पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन देणे टाळते, कारण एक-दोन दिवस चुकले तरी चक्कर आणि डोक्यात विजेसारखे झटके जाणवू शकतात. उलट फ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश जाते. गर्भधारणेचा विचार असेल तर तो आजच सांगावा, त्यानुसार निवड बदलते. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर एस्सिटॅलोप्रामपूर्वी ईसीजी काढून घेते. जनुकीय तपासणी करून ‘तुमचे औषध’ सांगणाऱ्या चाचण्यांविषयी बरेच जण विचारतात. काही औषधे शरीर किती वेगाने पचवते याचा अंदाज त्यांतून येतो, पण कोणत्या औषधाने तुमची चिंता जाईल हे त्या सांगू शकत नाहीत.

आता डॉक्टरांना कसे सांगावे. दहा मिनिटांच्या भेटीत सात महिन्यांची कथा मावत नाही, म्हणून एक पानभर तक्ता न्या. औषधाचे नाव, जास्तीत जास्त घेतलेली मात्रा, एकूण दिवस, काय फरक पडला आणि का सोडले, एवढे पाच रकाने पुरेत. सोबत जीएडी-७ ही २००६ साली प्रसिद्ध झालेली सात प्रश्नांची छोटी प्रश्नावली भरून न्या. तिचे गुण ० ते २१ असतात; १० पासून पुढे मध्यम आणि १५ पासून पुढे तीव्र चिंता समजतात. निदान तेवढ्यावर होत नाही, पण दर दोन आठवड्यांनी ती भरली तर ‘बरे वाटते का’ या प्रश्नाला आकड्याचा आधार मिळतो. १८ वरून ९ वर येणे हा चांगला प्रतिसाद आहे, भले तुम्हाला मनातून ‘अजून नाहीच’ असे वाटत असो. आणि मग अगदी सरळ म्हणा, “मागच्या वेळी घबराट वाढली म्हणून मी बाराव्या दिवशी औषध सोडले. या वेळी अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करता येईल का? किती आठवड्यांनी आपण ठरवायचे, आणि मधल्या काळात त्रास झाला तर मी कोणाला कळवू?” औषध सोडल्याचे डॉक्टरांपासून लपवू नका. रुग्ण गोळ्या घेत आहे असे समजून मी मात्रा वाढवली आणि त्याने दोन आठवड्यांच्या खंडानंतर ती वाढीव मात्रा एकदम घेतली, असे माझ्या हातून एकदा घडले आहे. त्याला फार त्रास झाला. तेव्हापासून मी “गोळ्या घेता ना?” असे विचारत नाही, “गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?” असे विचारते.

औषध कधी बदलावे याचे माझे गणित असे आहे. पुरेशा मात्रेवर चार ते सहा आठवडे होऊनही काडीचाही फरक नसेल तर बदलावे. थोडा फरक असेल तर आधी मात्रा वाढवावी आणि आणखी काही आठवडे द्यावेत. गुण आल्यानंतर औषध किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावे आणि मग आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या हिशेबाने हळूहळू उतरवावे. सोबत बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारा, बोलण्यातून होणारा उपचार) मिळण्याजोगा असेल तर तो अवश्य घ्या. तुम्ही टाळू लागलेल्या गोष्टींना, म्हणजे कामाची जागा, गर्दी, एकटे बाहेर जाणे यांना, पायरीपायरीने सामोरे जाण्याचा सराव तिथे होतो, आणि तो सराव गोळी तुमच्यासाठी करू शकत नाही.

काही लक्षणांत मात्र वाट पाहायची नसते. जीव देण्याचे विचार येऊ लागले किंवा वाढले, बसवत-उभे राहवत नाही अशी तगमग सुरू झाली, झोपेशिवाय विलक्षण उत्साह आला, ताप, गोंधळ आणि स्नायूंचे झटके एकत्र आले, फिट आली किंवा अंगावर पुरळ उठून चेहरा सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा तातडीच्या विभागाशी संपर्क साधा. वय २५ पेक्षा कमी असेल तर नैराश्यरोधक औषधांच्या सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनीही लक्ष ठेवावे. अमेरिकेत यासाठीचा इशारा २००४ मध्ये मुलांसाठी आला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला गेला.

पुढच्या भेटीत नवे किंवा जुनेच एखादे औषध ठरेल, तेव्हा त्यानंतरची भेट महिन्यावर ढकलू नका. दहाव्या दिवसाच्या आसपास भेटीची, निदान फोनची, वेळ तिथेच बसून ठरवून घ्या आणि ती घरातल्या एकाला माहीत असू द्या. तुमच्या हातून गोळी दोनदा त्याच सुमारास सुटली आहे, आणि त्या दिवशी पुढे न्यायची की थांबवायची हे तुम्हाला एकट्याला ठरवावे लागू नये.